खजुराच्या खोलीतला मर्तबान

मी एक जुना मर्तबान आहे, मित्रांनो. किती जुना, हे मला नेमकं सांगता येणार नाही, कारण भट्टीतून निघणाऱ्या मातीच्या भांड्याला कुणी तारीख सांगत नाही. इतकं मात्र खरं की कोकणातल्या दाभोळ बंदरात अरबी घोडे उतरायचे आणि दख्खनच्या सुलतानांकडे जायचे, त्या काळात मी तिथल्या धक्क्यावर उभा होतो. माझ्या खांद्यावर दोर ओवायला चार कान होते. त्यातला एक तिथेच एका घोड्याने लाथ मारून उडवला. उरलेले तीन शाबूत आहेत. उंचीला मी माणसाच्या कमरेइतका आहे. पोट मोठं, मान आखूड आणि अंगावर काळपट तपकिरी झिलई.

आज माझा मुक्काम कतार देशात, दोह्याच्या उत्तरेला, उम्म सलाल मोहम्मद इथल्या एका खजुराच्या बागेत आहे. इथे माझ्या म्हातारपणी एक मोठा विजय झाला. तो सांगण्याआधी मला माझा प्रवास सांगावा लागेल, कारण प्रवास नसता तर विजयही नसता.

माझा जन्म ब्रह्मदेशाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. तिथे मर्तबान नावाचं बंदर होतं. माझं नाव त्या बंदरावरून पडलं. मला घडवणाऱ्या कुंभाराने चाकावर माती चढवली, वरून राख आणि मातीचं पाणी फासलं आणि मला अशा आगीत ठेवलं की माती वितळायला आली. बाहेर निघालो तेव्हा मी दगडासारखा झालो होतो. मीठ मला चावत नाही, आंबट मला खात नाही, पाणी माझ्यातून झिरपत नाही. ही विद्या त्या कुंभाराच्या एकट्याची नव्हती. अशी तापती भट्टी आणि अशी झिलई चीनकडून हाताहाताने त्याच्या मुलखात आली होती, असं त्याचा बाप सांगायचा. त्याने तिच्यात आपल्या मातीची भर घातली.

माझ्या पोटात खारवलेल्या कैऱ्या, आलं आणि लिंबं भरून मला जहाजावर चढवलं. त्या जहाजात एकही खिळा नव्हता. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोराने शिवल्या होत्या, जशी गोधडी शिवतात तशा. लाट आपटली की सगळं जहाज थोडं लवायचं, पण फुटायचं नाही. शिडं भरली की चालायचं आणि वारा पालटेपर्यंत बंदरात थांबायचं, असा प्रवास. थांबणं कधी कधी महिनोन्‌महिने चालायचं. त्या मुक्कामातच सगळं घडत असे. माणसं एकमेकांचं जेवण चाखत, एकमेकांचे आकडे शिकत, सोयरीक जमवत.

त्या पहिल्या सफरीत सिंहलद्वीपाला निघालेले भगव्या वस्त्रांतले बौद्ध भिक्षू होते, बंगालचा एक मुसलमान कापडवाला होता आणि कपाळाला भस्म लावणारा एक तमिळ चेट्टी होता. पहाटे तिघांचं पुटपुटणं तीन दिशांनी ऐकू यायचं. पाणी मात्र एकाच पिंपातलं. मालाच्या मोजणीत धर्म कधीच नसायचा, मित्रांनो. तरी प्रत्येक बंदरात तो उतरायचा. कुणी व्यापारी मागे राहायचा, घर करायचा, मुलाबाळांना आपली प्रार्थना शिकवायचा. तलवारीच्याही गोष्टी मी ऐकल्या आहेत, पण मी डोळ्यांनी पाहिलं ते हे.

दाभोळला मी उतरलो तेव्हा माझ्या पोटातलं लोणचं संपलं होतं. एका खोजा व्यापाऱ्याने मला विकत घेतलं आणि माझ्यात कागद भरला. समुद्रावरच्या दमट हवेत कागदाला माझ्यासारखं घर दुसरं नाही. तोंडावर मेणकापड बांधलं की आत एक थेंब जात नाही. हा कागद करण्याची रीतसुद्धा चीनहून समरकंद आणि बगदादमार्गे इकडे आली होती. माझ्या शेजारी उभा राहून नाखवा लाकडाच्या एका छोट्या फळीने ध्रुवतारा किती वर आहे ते पाहायचा. फळीला गाठी मारलेली दोरी होती, दोरीचं टोक तो दातांत धरायचा. ही युक्ती त्याला एका गुजराती मालम्याने, म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणाऱ्या खलाशाने, शिकवली होती आणि त्या मालम्याला एका अरबाने. मूळ कुणाची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांचं काही अडलंही नाही.

दाभोळहून मी होर्मुझला गेलो. त्या बेटावर प्यायचं पाणी नव्हतं आणि बाजारात नाही अशी वस्तू नव्हती. तिथून एका लहान मचव्यात बसून मी आखाताच्या काठावरच्या एका गावात पोचलो. ते गाव आजच्या कुठल्या देशात येतं, ते मला माहीत नाही. तेव्हा तिथे कुणी रेषा ओढलेल्या नव्हत्या. उन्हाळ्यात तिथले पुरुष मोती काढायला समुद्रात जायचे आणि मागे राहिलेल्या बायका खजूर उतरवायच्या.

त्या गावात मला एका खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीतल्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलं. त्या खोलीला मदबसा म्हणतात. तिला खिडकी नसते. जमिनीला चुन्याचा गिलावा असतो आणि त्यात शेतातल्या सऱ्यांसारख्या पन्हाळी कोरलेल्या असतात. सगळ्या पन्हाळी उतरत उतरत माझ्या तोंडापाशी येतात. पन्हाळींवर झावळ्यांच्या काड्या, त्यावर खजुराने भरलेल्या झावळीच्याच पिशव्या, एकीवर एक, छताला लागेपर्यंत. मग दार बंद. खालचा खजूर वरच्या वजनाने दबतो आणि त्यातून पाक सुटतो. त्याला दिब्स म्हणतात. आपल्या काकवीसारखा, पण जास्त काळा आणि जास्त दाट. कित्येक उन्हाळे मी तो पाक गोळा केला. तो होर्मुझला जायचा, दाभोळला जायचा, खंबायतला जायचा.

शेवटी मीही त्याच्याबरोबर दाभोळला परतलो. काही वर्षं मी तिथल्या मशिदीच्या दाराशी वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुवायच्या, पाण्याचा मर्तबान होतो. मग फिरंग्यांचं आरमार आलं आणि त्यांनी बंदर जाळलं. तोवर मी एका घरी गेलो होतो आणि खारवलेल्या कैऱ्यांसकट परड्यात पुरलेला होतो, म्हणून वाचलो. त्यानंतर मी खाडीच्या वरच्या अंगाला एका घरात गेलो आणि त्याच घरात राहिलो. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातल्या बायकांनी माझ्यात कोकमाचं आगळ भरलं, कैऱ्या खारवल्या. सासूने सुनेला द्यायची चीज म्हणून माझा मान होता. मग स्टीलचे डबे आले, प्लॅस्टिकचे पिंप आले. माझी जागा मागच्या पडवीत गेली. माझ्यात आधी कोळसा आला, नंतर छत्र्या. शेवटी एक मांजरी व्याली.

मला त्या पडवीतून काढलं सबीहाने. ती त्या घरातली लेक. तिचा नवरा शफीक गिलाव्याचं काम करतो. लग्नानंतर काही वर्षांनी ती दोह्याला गेली आणि जाताना हट्ट धरून मला घरसामानाच्या कंटेनरमध्ये घातलं. त्याच समुद्रावरून मी त्याच दिशेने गेलो. या वेळी वाऱ्याची वाट पाहावी लागली नाही. अल नस्र भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी वॉशिंग मशीनशेजारी उभा राहिलो. तिथे पुन्हा माझ्यात कैऱ्या आल्या. पुढे शफीकला उम्म सलालला बागेवर काम मिळालं आणि आम्ही सगळे इथे आलो.

आता खरी हकिगत.

बागेचा मालक अबूबकर. त्याला इथले कामगार अरबाब म्हणतात. बागेच्या कोपऱ्यात एक पडकी खोली होती. अबूबकरने शफीकला ती दाखवली. जमिनीवरची माती झाडली तर खालून पन्हाळी निघाल्या. तो मदबसा होता. अबूबकर इतका खूश झाला की त्याने शफीकला दुसरं काही न करता ती खोलीच नीट करायला सांगितली. शफीकने चुना मळून, जुन्या गिलाव्याशी रंग जुळवून, पन्हाळ पन्हाळ हाताने घोटली. एकेका ओंजळीएवढ्या जागेवर तो सकाळ घालवायचा. कोपऱ्यातला खड्डा रिकामा होता. सबीहा म्हणाली, "आपला मर्तबान हाय की." आणि मला त्या खड्ड्यात बसवलं. मित्रांनो, माझ्या जिवाला काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

पण अबूबकरच्या भावांना त्याच जागी गाड्यांसाठी शेड हवी होती. घरात वाद झाला. निकाल त्यांच्या आईने दिला. तिचं नाव मैमुना, पण घरात सगळे तिला यम्मा म्हणतात. ती म्हणाली, "लहानपणी मी माझ्या आईच्या तळहातावरचं दिब्स चाटलं आहे. या खोलीतून दिब्स निघालं, तर खोली राहील. नाही निघालं, तर त्या नुसत्या भिंती आहेत. मग पाडा." हंगाम संपताना एका शुक्रवारी सगळं कुटुंब बागेत जमणार होतं. तोवरची मुदत मिळाली.

शफीकचा करारही त्याच महिन्यात संपत होता. अबूबकरने सरळ सांगितलं होतं, की खोली राहिली तर ती सांभाळायला शफीक आणि सबीहा राहतील; खोली गेली, तर बागेवर गिलावेवाल्याचं काय काम? तसं झालं असतं तर दोघांना गाशा गुंडाळून परतावं लागलं असतं. त्यांची मुलगी इकरा दहावीला होती. तिची शाळा मध्येच तुटली असती.

खजूर उतरवला. पिशव्या रचल्या. दार लावलं. आणि माझ्यात काहीच पडलं नाही.

कारण सांगतो. त्या खोलीच्या भिंतीत एक एसी बसवलेला होता.

त्यात कुणाचा मूर्खपणा नव्हता, उलट काळजीच होती. या देशात बाहेर ठेवलेलं दूध दुपारपर्यंत फाटतं आणि मासे घरी पोचेपर्यंत वास मारतात. इथे आलेली प्रत्येक बाई पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट शिकते. खायचा जिन्नस असेल तर तो गार ठेव. सबीहाने इतका सुंदर खजूर पाहिला आणि तिचा जीव राहिला नाही. तीच म्हणाली होती, "एवढा खजूर गरमीत सडवाचा काय? आनी यम्मा आत येतील बगायला, त्यांना भोवळ येल." शफीकला पटलं. अबूबकरला तर फारच पटलं. त्याने त्याच दिवशी एसी पाठवला. दिवसरात्र तो घरघरत होता. पिशव्या अशा गार पडल्या होत्या की त्यांना हात लावला तर बरं वाटावं.

मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मर्तबानाला तोंड मोठं असलं तरी जीभ नसते.

शफीकला वाटलं, उतार चुकला. त्याने पन्हाळीच्या वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतलं. ते झुळझुळत माझ्यात आलं. उतार बरोबर होता. त्याने ते पाणी फडक्याने टिपून मला कोरडं केलं. मग त्याला वाटलं, वजन कमी पडतंय. त्याने पिशव्यांवर दगड चढवले. मी कोरडाच.

भावांनी शेडचं माप घ्यायला वेदांत नावाचा एक तरुण इंजिनिअर पाठवला होता. मूळचा लातूरचा, दोह्यातल्या बिन महमूदला आणखी तिघांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. सबीहाच्या हातची भाकरी खाऊन तो त्या घरचाच झाला होता. दारात टेप धरून तो खाली वाकला आणि माझ्यात डोकावला.

"काकी, ह्यो गडी तर कोरडा ठणठणीत. आमच्या लातूरच्या नळासारखं झालं की. रोज बघायचं आन् रोज रिकामी घागर घेऊन परत जायचं."

"तू तुज्या रेषा मार रे. माज्या मर्तबानाला नजर लावू नको."

"मी कशाला नजर लावतोय? मला तर ह्या भिंतीवर खडू ओढायचं जिवावर आलंय. पण साहेब फोनवर फोन करायलेत."

"मंग उशिरा ओढ."

"उशिरा म्हणजे कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी," शफीक आतून म्हणाला.

त्याच आठवड्यातली एक दुपार. पिशव्यांत न मावलेला थोडा खजूर सबीहाने एका थैलीत भरला होता आणि सकाळीच अबूबकरच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला होता. तो मशिदीत द्यायचा होता. अबूबकर विसरला. गाडी काचा बंद करून उन्हात उभी राहिली. दुपारच्या नमाजनंतर आरोळी ऐकू आली.

"उम्म इकरा! ओ उम्म इकरा!" इकराची आई म्हणून तो सबीहाला असंच हाक मारतो. "ये क्या है? मेरा सीट पूरा खलास!"

तो मदबशाच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात ती थैली. थैलीच्या तळातून काळपट, दाट धार लोंबत होती आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र थोबवर, म्हणजे पायघोळ झग्यावर, पडत होती.

शफीक फडकं घेऊन धावला. "माफ करना अरबाब, अभी साफ करता."

"कैसे साफ करेगा? चिपचिप, चिपचिप! नया गाडी है, यल्ला, देखो!"

सबीहा हलली नाही. ती थैलीकडे बघत होती. तिने बोट पुढे केलं, धारेवर टेकवलं आणि जिभेला लावलं.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "हा चाटून बगा."

"काय चाटू? अरबाबचा सीट गेला आनी तुला चाटाचा सुचता?"

"सीट जाऊ दे. आदी चाटा."

शफीकने चाटलं. मग त्याने अबूबकरकडे पाहिलं. अबूबकरने थोबवरचा डाग बोटाने पुसला आणि तेच बोट तोंडात घातलं. खोलीत फक्त एसी घरघरत होता.

"अरबाब," सबीहा म्हणाली, "आपकी गाडी ने दिब्स बनाया."

"गाडी ने?"

"गाडी में एसी बंद था."

आणि चौघांच्याही माना एकदम भिंतीकडे वळल्या. चौघांच्या, कारण वेदांत टेप हातात धरून मागेच उभा होता. सबीहाने कपाळावर हात मारून घेतला.

"मना कसा कलला नाय! आमच्या घरी रातांब्यांत साकर भरून ह्याच मर्तबानात घालतात. तोंडाला दादरा बांधून अंगनात कडकडीत उनात ठेवतात. आठ दिसांत साकरेचा पानी होतो. सावलीत ठेवला तर बसा बोंबलत! माजी आई मना सावलीत ठेवला म्हनून मारलीय ह्याच्यावरून!"

"आयला काकी," वेदांत म्हणाला, "म्हणजे आपण खजुराला फ्रिजमध्ये बसवून त्याला घाम यायची वाट बघायलोय!"

अबूबकर आधी हसला. हसता हसता तो दाराच्या चौकटीला टेकला. मग त्याने स्वतः जाऊन एसीची वायर उपटली.

शफीकने एसी काढून भिंतीतलं भोक मातीने लिंपलं. दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. वेदांतने खडू खिशात घातला आणि छतावरचा ताडपत्रीचा आडोसा काढायला वर चढला, म्हणजे ऊन थेट छतावर पडावं. दार बंद झालं. मी पुन्हा अंधारात, आणि हळूहळू गरमीत, एकटा राहिलो.

मित्रांनो, ती गरमी मला ओळखीची होती. आधी छत तापलं. मग वरच्या पिशव्या उष्ण झाल्या. भिंती रात्रीसुद्धा गार होईनात. झावळ्यांना वास सुटला, मग खजुराला सुटला. पिशव्या किंचित खाली बसल्या. करकर असा आवाज आला. पन्हाळीच्या वरच्या टोकाला काहीतरी चमकलं. ते फार सावकाश येत होतं. दिब्स घाई करत नाही. बाहेर मात्र घाई होती. रोज संध्याकाळी सबीहा दाराला कान लावायची. शफीक म्हणायचा, "उघडू नको, गरमी जाल." ती म्हणायची, "उघडत नाय. ऐकतेय." तिला काही ऐकू आलं नाही. मला आलं. पहिला थेंब माझ्या तळावर पडला तेव्हा इतका आवाज झाला की मला वाटलं, सगळ्या बागेला कळलं असेल.

शुक्रवार आला. बागेत गाड्या भरल्या. भाऊ आले, त्यांच्या बायका आल्या, मुलं आली. फाटकाबाहेर रिकामा ट्रक आणि त्याच्यावर चढवलेला जेसीबी उभा होता. भावांनी तो आधीच सांगून ठेवला होता, म्हणजे निकाल लागला की वेळ जायला नको. वेदांत त्याच्या सावलीत उभा होता आणि दर थोड्या वेळाने घाम पुसत होता. शफीकने धुतलेला शर्ट घातला होता. इकराने आईचा हात धरला होता आणि तो सोडत नव्हती.

यम्मा काठी टेकत आली. अबूबकरने गोणपाट काढलं, दार उघडलं. आतून गरमीचा लोट आला. एक भाऊ डोक्यावरच्या रुमालाचं, गुत्र्याचं, टोक तोंडावर धरून मागे सरकला. यम्मा मात्र पुढे झाली. तिने डोळे मिटून तो वास आत घेतला.

सबीहा माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. तिने लांब दांड्याचं ओगराळं माझ्यात सोडलं. ओगराळं खाली जात राहिलं आणि तळाला लागायच्या कितीतरी आधी अडलं. ते तिने वर काढलं तेव्हा त्यातून काळ्या रेशमासारखी धार माझ्यात परत पडत होती आणि तुटत नव्हती.

यम्माने बोट बुडवलं नाही. तिने तळहात पुढे केला. सबीहाने त्यावर दिब्स ओतलं. म्हातारीने ते हळूहळू चाटलं, लहान मुलीसारखं, सगळ्यांसमोर.

"हेच," ती अरबीत म्हणाली.

थोरल्या भावाने घसा खाकरला. "पण यम्मा, मग गाड्या लावायच्या कुठे?"

"उन्हात," यम्मा म्हणाली आणि तळहात पुन्हा पुढे केला.

तिथून पुढे गोंगाटच झाला. मुलांनी रांग मोडून माझ्याभोवती गर्दी केली. अबूबकर ज्याला त्याला आपल्या गाडीच्या सीटची गोष्ट सांगत सुटला. दर वेळी गोष्टीत थैली मोठी होत होती. वेदांत फाटकाकडे पळत गेला आणि जेसीबीवाल्याला दोन्ही हातांनी खुणा करून परत पाठवलं. यम्माने मदबशाची किल्ली सबीहाच्या हातात दिली आणि शफीकला म्हणाली, पुढच्या हंगामाला छत आणखी थोडं खाली घे, गरमी धरेल. पुढचा हंगाम, हा शब्द ऐकून शफीकने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. त्याला दुसरं काही सुचलं नाही. इकरा आईला म्हणाली, "अम्मी, वी आर स्टेइंग?" आणि सबीहा म्हणाली, "हाव. आता मराठीत बोल."

त्या दिब्सच्या बाटल्या आता दूरवर गेल्या आहेत. एक दाभोळच्या खाडीकाठी सबीहाच्या आईकडे पोचली. तिने त्यात रातांब्याचं आगळ मिसळून सरबत केलं आणि फोनवर सांगितलं, की साखरेपेक्षा बरं लागतं. एक बाटली वेदांतबरोबर सुट्टीत लातूरला गेली. तिथे ती ज्वारीच्या भाकरीबरोबर संपली. पुढच्या वेळी सबीहा कोकणातून रातांबे मागवणार आहे आणि यम्मा ते दिब्समध्ये घालून बघणार आहे. कुणास ठाऊक, शंभर वर्षांनी ते या देशाचं जुनं पक्वान्न म्हणून ओळखलं जाईल आणि ते मूळ कुणाचं, यावर लोक भांडतील. मी त्यांना सांगू शकणार नाही, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. माळ्यावर, पलंगाखाली, मागच्या पडवीत. त्याला बाहेर काढा, धुवा, उन्हात वाळवा. त्याला फुलांचा गुच्छ देऊन दिवाणखान्यात बसवू नका आणि काचेच्या कपाटातही कोंडू नका. त्याचं काम काय होतं, ते कुणाला तरी विचारा आणि ते काम त्याला द्या. ज्यांनी आम्हाला घडवलं त्यांची भाषा वेगळी होती, ज्यांनी वाहून आणलं त्यांचा देव वेगळा होता, ज्यांनी सांभाळलं ती माणसं आणखी वेगळी. त्या सगळ्यांची अक्कल आमच्यात आहे. पण ती आपोआप बाहेर येत नाही. तिला वजन लागतं, गरमी लागते आणि धीर धरणारी माणसं लागतात.

काल सबीहाने मला तळापर्यंत रिकामा केला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वर पिशव्या अजून भरलेल्या आहेत, दार बंद आहे, छत तापलं आहे. मी तुमच्याशी बोलत होतो तेवढ्यात पन्हाळीतून आणखी एक थेंब आला.